जोडीची पट्टी

बेंबीला हिंग लावून झाला, जंतांचं औषध झालं, तरी तीन वर्षांची मनवा रोज रात्री पोट धरून रडायचीच. शेवटी डॉक्टर दाभाडेंनी एक पट्टी तिच्या मनगटाला बांधली आणि जोडीची पट्टी तिच्या आईच्या, रेवतीच्या मनगटाला. आता लेकीला जे होईल ते आईला जाणवणार होतं.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठेच नाही," रेवती म्हणाली.

तेवढ्यात स्कूटर लावून मनवाचे बाबा आत आले. रेवतीच्या पोटात एकदम पीळ पडला. तो तिच्या ओळखीचा होता. रोज रात्री दारात किल्ली वाजली की तिच्याही पोटात असाच पडायचा.

"सापडलं का काही?" त्यांनी विचारलं. मनवा आईला चिकटली.

रेवतीने घाईघाईने पट्टी सोडली.

"जंतच असतील," ती म्हणाली.