शून्याची पाळी

ओरगडमच्या चाचणीशाळेत हेरंबने गाडीतल्या दिव्यांना, वायपरला, हॉर्नला मिळून एकच तार दिली होती. वीजही तिच्यातूनच आणि निरोपही तिच्यातूनच. प्रत्येक यंत्राला एक आकडा होता; दोघं एकदम बोलू लागले, की ज्याचा आकडा लहान त्याची पाळी आधी. बाकीच्यांनी गप्प राहायचं. शून्य मात्र त्याने कुणालाच दिलं नव्हतं. घरी देवाचं पान आधी काढून ठेवतात, तसं ते मोकळं ठेवलं होतं.

आज सकाळपासून शून्य बोलत होतं. दिवे लागेनात, हॉर्न वाजेना. सगळी गाडी पाळीची वाट बघत गप्प होती.

हेरंबचा जीव मोबाइलमध्ये अडकला होता. त्याच्या बायकोला, ऊर्मीला, सातव्यातच कळा सुरू झाल्या होत्या. मैलापूरच्या दवाखान्यातून सासूबाईंनीच त्याला कामावर पिटाळलं होतं.

सोबतच्या श्रीरंजनीने तारेवरचं एकेक यंत्र सोडवलं. शेवटी बॅटरीही काढली. टेबलावर नुसती तार उरली.

"अय्यो सार, तरी बोलतंयच की!"

तारेला जोडलेल्या तपासणीच्या पडद्यावरची रेघ उड्या मारत होती.

मोबाइल वाजला. सासूबाई होत्या.

"हेरंबराव, मुलगी झाली. पण रडत नाही हो."

"म्हणजे?"

"तोंड उघडते आणि थांबते. परत उघडते, परत थांबते. डॉक्टर पाठीवर थोपटतायत. दुसरं कुणी बोलत असल्यासारखी थांबते हो ती!"

हेरंबने पक्कड उचलली आणि तार मधोमध तोडली.

पडद्यावर शून्य बोलतच होतं.