छप्पनचं पांढरं

छप्पन सालचा नागपूरचा दीक्षा सोहळा नाचातून दाखवायचा होता, आणि बालाघाटच्या विहारात नाच बसवणाऱ्या आम्रपालीला एकही लुगडं पसंत पडेना. गोंदियाहून भाड्याने आणलेल्या साड्या चमचम करत होत्या, वारासिवनीच्या साड्यांना जरीचा काठ होता.

"दीदी, सफेद तो सफेद असते ना!" पोरी वैतागल्या.

"तवाच्या बाया अशा चमकत होत्या काय?" म्हणत तिने तोही गठ्ठा परत बांधला. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि तिच्या जिवाला चैन नव्हतं.

शेवटी ती अंजनाआजीकडे धावली. आजीची माय त्या सोहळ्याला गेली होती, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

"आजी, तुह्या मायनं कसं लुगडं नेसलं होतं? काठाचं का बिनकाठाचं?"

"लुगडं कुठचं, पोरी! पांढरं घालून या म्हणून सांगितलं होतं. घरात पांढरं एकच होतं, माह्या बाबाचं धोतर. मायनं थेच नेसलं."

आम्रपालीचा चेहरा खुलला. तिने तिथूनच नाचाच्या ग्रुपमधल्या धम्मपालला फोन लावला, "साड्या राहू दे, पोरींसाठी धोतरंच आण!" मग तिला नाचातली पुरुषांची रांग आठवली. "आन् आजी, तुहे बाबा काय घालून गेलते?"



"थो काय घालून जाईन, पोरी? माय वापस येयेपर्यंत कांबळं गुंडाळून घरातच बसला होता."