चौथी फेरी

"तीनच?" पदकांच्या टेबलामागून वृषालीने चौगुले सरांचं मनगट उलटसुलट करून पाहिलं. लाल, पिवळा, निळा. हिरवा नव्हता. धावण्याच्या प्रत्येक फेरीत मध्यावर वेगळ्या रंगाचा एक रबरबँड मिळायचा आणि चार दाखवल्याशिवाय पदक नव्हतं.

तलावात दोन किलोमीटर पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल मारायची, वर एकवीस किलोमीटर धावायचं, आणि तेही एकसष्टाव्या वर्षी, पहिल्याच ट्रायथलॉनला, वेळेच्या आत? तिला पटेना. शाळेत तिने बघून लिहिलेली गणितं याच सरांनी पुन्हा सोडवून घेतली होती.

"सर, ताळा जुळत नाही. एक फेरी राहिली का?"

सर टेबलाला धरून कसेबसे उभे होते. "चार केल्यासारखं वाटतंय गं. पण आता डोकंच चालेना झालंय."

"द्या की मॅडम, वयाकडं तरी बघा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तसलं पदक नको," सर म्हणाले. "पडताळल्याशिवाय उत्तर धरायचं नाही, मीच शिकवलंय हिला."

आणि ते खरंच वळून रस्त्याकडे निघाले. फेरी सव्वापाच किलोमीटरची, आणि वेळ संपायला बाराच मिनिटं उरलेली.

टेबलाआड लपलेले त्यांचे पाय वृषालीला आता कुठे दिसले. उजव्या बुटाचा सोल पुढून उचकटला होता आणि तो गळून पडू नये म्हणून वरून हिरवा रबरबँड ताणून बसवलेला होता.

पदक उचलून ती धावत सुटली. "सर, थांबा! जुळला ताळा!"