समाचाराला आलेला माणूस

मंत्र्यांची गाडी लालबागच्या नाक्यावर आली, तरी तात्याचा मोठा काळा बावटा काही सापडला नव्हता.

छोटे बावटे होते. पोरांनी जुन्या छत्र्या उसवून केलेले. पण तात्याने नायगावच्या गंगाधरला शब्द देऊन ठेवला होता, की संयुक्त महाराष्ट्र नाकारणाऱ्या या सरकारचा कुणीही मंत्री आमच्या चाळीत आला, तर चार वार काळ्या कापडाखालून वाकून जाईल. "लालबागवाल्यांना नाही जमायचं," गंगाधर म्हणाला होता. आणि आज तो मेला मुद्दाम पुढे येऊन उभा राहिला होता, सुपारी कातरत.

कापड शिवायला दिलं होतं जाईबाईकडे. चाळीची सगळी शिवणटिपण म्हातारीच करायची. आणि नेमका काल संध्याकाळी तिच्या शेजारच्या खोलीत स्टोव्ह भडकला. देवाची कृपा, जीव सगळ्यांचे वाचले. खोल्या मात्र आठ गेल्या. म्हातारी बाहेर आली ती एक गाठोडं छातीशी कवटाळून. शिवणाचं मशीन, भांडीकुंडी, नवऱ्याचा फोटो, सगळं आतच राहिलं.

मंत्री जळलेल्या खोल्या बघायला येणार असं सकाळी कळलं, तसा तात्या धावत तिच्याकडे गेला. ती आपल्या जळक्या उंबऱ्याशी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"काकी, बावटा कुठाय?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. गेला म्हणजे बावटा, असं समजून तात्या छत्र्या गोळा करायला पळाला.

आता मंत्री आत शिरले. परीटघडीचं धोतर, मागे फोटोवाला, त्याच्यामागे भाषणाचा कागद सांभाळणारा चिटणीस. बावटा नाही तर नाही, घसा तर आहे! तात्याने छाती भरून श्वास घेतला. "मुंबईसह संयुक्त…"

"गप रव रे तात्या!" जाईबाई ओरडली. "समाचाराक इलेलो माणूस तो. दारात इलेल्याशी भांडतत काय?"

तात्याच्या तोंडातली घोषणा तोंडातच राहिली. दुःखाच्या घरी कुणी विचारपूस करायला आला, तर तेवढ्यापुरतं वैर बाजूला ठेवायचं, ही रीत त्यालाही ठाऊक होती. पण हा माणूस समाचाराला आला होता, की फोटो काढून घ्यायला? गंगाधर गालातल्या गालात हसला.

मंत्र्यांना हुरूप आला. "बंधुभगिनींनो, सरकारला आपल्याबद्दल अत्यंत…"

"तू पण गप रव," जाईबाई म्हणाली. "समाचाराक इलेल्यान उभ्यान बोलाचा नसता. आधी बस."

आता बसायचं कुठे? खाली बंबाच्या पाण्याचा चिखल आणि काजळी. मंत्री इकडेतिकडे बघू लागले. म्हातारीने काय करावं? मांडीवरचं गाठोडं पुढे सरकवलं. "ह्याच्यार बस."

तात्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आगीतून वाचवलेली एकुलती एक वस्तू, आणि ती या माणसाच्या बुडाखाली! म्हातारी फितूर झाली, दुसरं काय!

मंत्री बसले. मग कुणीच काही बोलेना. समाचाराला असंच बसतात, पण ज्याला सवय नाही त्याला ते फार जड जातं. मंत्र्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. चिटणीसाने हळूच कागद पुढे केला. म्हातारीने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की कागद मुकाट खिशात गेला. पोरांनी बावटे पाठीमागे लपवले. कुणीतरी खोकलं, तर दहाजणांनी वळून बघितलं. मंत्री जळक्या खोलीकडे बघत राहिले. आत मशीनचा नुसता सांगाडा उभा होता. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, आणि तो आवाज सभेतला नव्हता, घरातला होता:

"जेवलात का, बाई?"

"नाय. नुसतो चाय घेतलंय."

तात्याला चटका बसला. सकाळपासून चाळभर नाचत होतो, पण हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. आपण विचारलं काय, तर बावटा! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी सगळ्यांच्या जेवणाचं बघा," मंत्री चिटणीसाला म्हणाले आणि उठले. उठता उठता सवयीने हात जोडले गेले. "बरंय, मी पुन्हा येईनच…"

"पुन्हा कशाक?" म्हातारी कडाडली. "पुन्हा चाळ जाळूची आसा काय? दुःखाच्या घराकडसून 'येतंय' म्हणान जावचा नसता. मुकाट्यान चलाक लाग."

मंत्री मुकाट्याने चालू लागले. भाषण न करता लालबागमधून गेलेला हा पहिलाच पुढारी असावा.

"काय तात्या, वाकवलास का मंत्री?" गंगाधरने मागून विचारलं.

तात्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो मान खाली घालून जाईबाईसमोर येऊन उभा राहिला. "काकी, चुकलो मी. चला, घरी दोन घास खा."

"जेवतलंय मगे," म्हातारी म्हणाली. तिचं लक्ष फाटकाकडे होतं. मंत्री बाहेर पडले. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. तशी तिने भराभरा गाठोड्याची गाठ सोडली. वरचं जुनेर बाजूला सारलं. आत चार वार काळं कापड होतं, चारी बाजूंनी टीप मारलेलं, काठी घालायच्या नेफ्यासकट.

तात्या आ वासून बघतच राहिला. म्हातारीने कापड झटकलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

"समाचार झालो. फाटकाभायर पडलो, आता तो मंत्री. बघतंस काय, दी घोषणा!"