नऊ होलचा डाव

अरुणाताईंनी वही पुढे केली आणि हिलालने ती उलटी धरली.

"मला अक्षर येत नाही ताई," तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने म्हणाला, की पलीकडच्या हिरवळीवर चेंडू ढकलायला वाकलेले दोघे गृहस्थ ताठ उभे राहिले. त्यातला एक ओरडला, "काका, धीमे." हिलालने तिकडे पाहिलंही नाही. त्याने अविनाशरावांची बॅग खांद्याला लावली आणि चालू पडला.

अरुणाताई वळून बॅग उचलायला माणसं देणाऱ्या ऑफिसकडे गेल्या. "विकास, ह्यांना बोलता येत नाही, आणि तू वाचता न येणारा माणूस देतोस?"

"आज दुसरं कोणी नाही मॅडम. जरा मोठ्यानं बोलतो, बाकी माणूस सोन्यासारखा आहे."

सुरतेबाहेर, कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून असलेलं ते गोल्फचं मैदान अगदी लहान. नऊच होल, आणि सगळ्यांत लांबचाही दीडशे यार्डांचा. मोठ्या क्लबातले लोक त्याला हसत. अविनाशराव मात्र बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी इथे येत. चार महिन्यांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं. जीव वाचला, पण आवाज परत येणार नव्हता. गळ्यातलं छिद्र झाकायला आता रुमाल असे. पहिल्या महिन्यात ते सवयीने ओठ हलवत. अरुणाताईंना ते बघवत नसे. "असू द्या, त्रास नका घेऊ. लिहून दाखवा," म्हणत त्यांनी वही पुढे केली. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं वहीतून चाले. ते लिहीत आणि ताई कागदाकडे बघत.

आज गाडीत त्यांनी लिहिलं होतं, 'हा शेवटचा डाव. परत आलो की काठ्यांचा सेट कोणाला तरी देऊन टाक.'

ताईंनी वाचलं आणि गाडी चालवत राहिल्या. सोसायटीत खाली उतरणं अविनाशरावांनी सोडलंच होतं. फोन आला की बाल्कनीत जाऊन उभे राहत. आता हेही सुटलं, की माणूस घराच्या चार भिंतींत जाणार हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्या वही घेऊन मागोमाग चालत होत्या. बॅग उचलणाऱ्या कॅडीला काही सांगायचं झालं तर वाचून दाखवायला कोणीतरी हवं.

पहिले दोन होल झाले. तिसऱ्यावर चेंडू वाळूत गेला आणि हिलाल गरजला, "जाऊ द्या साहेब, वाळूच आहे, तापी नाही. निघंल बाहेर."

"जरा हळू बोला हो," ताई मागून म्हणाल्या. त्याने मान वळवली नाही. उद्धट माणूस, त्या मनात म्हणाल्या.

चौथ्यावर हिलाल अविनाशरावांच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आठ नंबरची काठी नको. वारा समोरून आहे. सातच घ्या." ह्यांनी बोटांनी विचारलं असेल, असं ताईंना वाटलं. चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर पडला. अविनाशरावांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची चाल बदलली होती. आता ते हिलालच्या बरोबरीने चालत होते. पाचव्याला ताई वीस पावलं मागे पडल्या. सहाव्याला तीस.

सातव्या होलजवळ बाकडं आहे. दोघे तिथे बसले होते, एकमेकांकडे तोंड करून. ताई धापा टाकत पोचल्या तेव्हा हिलाल विचारत होता, "म्हैस? ब्यांकेच्या शटरला टेकून?"

ताई होत्या तिथेच थांबल्या.

"मंग शटर उघडलं कसं?" हिलालने विचारलं. थोडा वेळ गेला. मग तो मांडीवर थाप मारून हसला. "धार काढल्याबिगर हलेना? अन् काढली कोनी?"

अविनाशरावांनी अंगठा स्वतःच्या छातीला लावला.

"तुम्ही? टाय लावून?"

बारडोली शाखेतली ती म्हैस. गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ताईंनी ती ऐकली होती. पाहुणे हसत आणि त्या स्वयंपाकघरात निघून जात. ऑपरेशननंतर ती म्हैस कोणी ऐकली नव्हती. वहीत एवढं कोण लिहिणार? आणि हातवाऱ्यांनी म्हैस आणि टाय कसं सांगणार?

उरलेल्या दोन होलांत त्या पुढे झाल्या नाहीत. लांबूनच बघत राहिल्या. अविनाशराव सांगत होते, हिलाल मधूनमधून गरजत होता. "आमच्या शिंदखेड्याची म्हैस असती तर तिनं मॅनेजरच आत घेतला नसता." नवव्यावर अविनाशरावांनी सहा फुटांवरून चेंडू आत घातला. पलीकडच्या त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

हिलालने बॅग गाडीजवळ आणली. "साहेब म्हनतात, उद्या साडेसहाला येतो. बॅग घरी न्यायची का इथंच ऑफिसात ठेवायची, ते विचारतात."

"इथंच ठेवा," ताई म्हणाल्या. मग त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, डॉक्टर म्हणाले आवाज उरलाच नाही. मी चोवीस तास घरात असते, मला कधी काही ऐकू आलं नाही. तुम्हाला ह्यांचं कसं ऐकू येतं?"

हिलालने त्यांचे ओठ थांबेपर्यंत वाट पाहिली.

"ऐकू तर मला तुमचंबी येत नाही ताई," तो म्हणाला. "अडतीस वर्षं कापडाच्या लूमच्या कारखान्यात, त्या खडखडाटात गेली, कान तिथंच संपले. तिथं कोनाचंच कोनाला ऐकू येत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच."