तिसरा पट्टा

मिस्त्रीने बाटलीतलं पाणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर ओतलं आणि गाडीचं किंचाळणं थांबलं. तिने सुटकेचा श्वास सोडला, तोवर ते पुन्हा सुरू झालं. डुकराचं पिल्लू दाबून धरावं तसं.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "पाण्याने आवाज वाढला असता, तर म्हटलं असतं पट्टा सैल आहे. हा थांबून परत आला. म्हणजे पट्ट्यालाच काहीतरी चोपडलंय."

"चोपडलंय? कोण चोपडणार?"

"ते तुम्हीच शोधा ताई. महिन्यातला तिसरा पट्टा आहे. आता मलाच लाज वाटायला लागलीय."

त्याने इंजिन बंद केलं, पट्ट्याच्या आतून बोट फिरवलं आणि ते काळं, बुळबुळीत बोट तिच्या नाकापुढे धरलं. वास ओळखीचा होता. दारांच्या कड्यांना, टॉवेलला, लेकीच्या, ठकीच्या, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच उग्र कापरासारखा वास येई. अप्पांचं गुडघ्याचं मलम.

"पट्ट्याचेही गुडघे दुखत होते म्हणायचे," मिस्त्रीही वास ओळखून हसला.

ती हसली नाही. "नवीन घाला," एवढंच म्हणाली.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. नवरा परगावी कामाला, महिन्यातून एकदा येणारा. पाच वर्षांच्या ठकीची शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे बस जात नव्हती आणि तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सकाळी अप्पा ठकीला सोडतील, या एकाच भरवशावर तिने नोकरी धरली होती. गाडी किंचाळायला लागली की अप्पा किल्ली टेबलावर ठेवून मोकळे होत. "अशा गाडीतून पोरीला नेणार नाही मी." मग रजा. या महिन्यात सात झाल्या होत्या. आठवी घ्यायची असेल तर सोबत राजीनामाही आणा, असं साहेबांनी कालच तोंडावर सांगितलं होतं.

आणि हा माणूस गुपचूप बॉनेट उघडून मलम फासत होता!

तशी त्यांची किळस तिला हल्ली लपवताच येत नव्हती. शर्टावर कालच्या जेवणाचे ओघळ, तोच शर्ट आज पुन्हा, तोही कधी उलटा. साखरेत मुंग्या असल्या तरी चमचा बिनदिक्कत तोंडात. त्यांच्यानंतर संडासात पाऊल टाकवत नसे. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणे, "वय झालंय गं त्यांचं." वय झालं म्हणून काय माणसाने अंग धुवायचंही सोडायचं? ठकीला मात्र अप्पांशिवाय करमत नसे. गाडीतसुद्धा मागे बस म्हटलं तरी ऐकायची नाही, अप्पांशेजारी पुढेच हवी. अप्पाही तिचीच री ओढत.

मिस्त्रीला अंगणात काम करत सोडून ती घरात आली. अप्पा टेबलाशी उभे होते. ठकीच्या पेल्यात दूध ओतत होते आणि त्यांची तर्जनी पेल्याच्या आत होती. दूध नखाला लागलं तेव्हा त्यांनी ओतणं थांबवलं आणि बोट चाटलं.

"शी!" तिने पेला उचलून मोरीत उपडा केला. "किती वेळा सांगायचं? ते बोट आधी कुठे कुठे असतं, देव जाणे!"

अप्पा चाचपत खुर्चीवर बसले.

"मिस्त्रीला पट्ट्यावर मलम सापडलंय."

अप्पा गुडघा चोळू लागले.

"तुम्हीच लावलंत ना?"

"गाडी काढून टाक सूनबाई." ते तिच्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीकडे बघत म्हणाले. "जुनी झालीय."

"गाडीला काही झालेलं नाही. तुम्हाला आमचं ओझं झालंय. नाहीतर सून नोकरीला जाते हे खुपत असेल."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांगा ना. आणि माझ्याकडे बघून सांगा."

अप्पांनी चेहरा तिच्याकडे वळवला. दाढीचे खुंट, ओठाच्या कडेला वाळलेलं काहीतरी. तिने मान फिरवली.

"माझी नोकरी गेली तर या घराचं काय होईल, कळतंय तुम्हाला? या घरात तुम्हाला एवढं एकच काम आहे. तेही करायचं नसेल तर तुमची सोय दुसरीकडे बघते. यांच्याशी आजच बोलते."



"नेईन," अप्पा शेवटी म्हणाले. "उद्यापासून रोज नेईन. तू रजा नको घेऊस."

तिने मलमाची डबी चिमटीत धरून कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि साबणाने दोनदा हात धुतले.

सकाळी अप्पा वेळेआधीच तयार होते. ठकी उड्या मारत पुढच्या सीटवर चढली. अप्पांना किल्ली लावायला जरा वेळ लागला, पण इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. चीं नाही, चूं नाही. नुसती एकसारखी घरघर. मिस्त्रीने पैजेवर सांगितलं होतं, हा पट्टा दोन वर्षं तोंड उघडणार नाही.

ती फाटकाशी उभी राहिली. गाडी हळूहळू, रस्त्याच्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत गेली आणि सिग्नलला थांबली. रस्ता रिकामा होता. बऱ्याच दिवसांनी ती वेळेवर ऑफिसला पोचणार होती. धाकात ठेवलं की होतं सगळं नीट, असं वाटून तिला हसूच आलं.

गाडीच्या काचा खाली होत्या. एवढ्या शांततेत ठकीचा आवाज फाटकापर्यंत स्वच्छ ऐकू आला, शाळेत कविता म्हणतात तसा, मोठ्याने आणि सावकाश.

"अजून लाल आहे अप्पा, थांबा... हं, झाला हिरवा. पण हळू हां, समोरून एक काकू चालल्यात."