तीळभर खाली

हेरिबेर्तो मास्तरांनी गिटार दारासमोरच्या स्टुलावर ठेवली, तिच्यावर क्लोरीनच्या पाण्याचा फवारा मारला आणि चार पावलं मागे सरकून हाक दिली.

"दोमितिलाबाई, तारांची घोडी उखडली हो हिची. सगळ्या पुएब्ला शहरात एक दुकान उघडं नाही. म्हटलं, तुम्ही घरबसल्या गिटारी करताय, तर बघाल का जरा?"

"बघते की," दोमितिलाबाई मास्कआडून म्हणाल्या. "रविवारच्या आत देते."

"तेवढं कराच. रविवारी मी गायलो नाही तर चाळ मला सोडायची नाही."

हे मात्र खरं होतं. टाळेबंदी लागल्यापासून रविवारी संध्याकाळी सगळी चाळ आपापल्या दारात उभी राहून मास्तरांचं गाणं ऐकत असे. त्यांनी उभा जन्म चर्चच्या पोरांना गायला शिकवण्यात घालवला होता. अंगणात कोणी शीळ घातली आणि ती जराशी उतरली, तरी वरून त्यांचा आवाज यायचा, "सूर, सूर!" माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो. मास्तरांना कानांचा होता.

दोमितिलाबाईंनी गिटार आत नेऊन टेबलावर ठेवली. टेबलाच्या वर खुंटीला यारेलीचा, त्यांच्या लेकीचा, निळा स्वेटर लटकत होता. खांद्यापासून बाहीपर्यंत त्याच्यावर पांढरे चट्टे पडले होते. यारेली नर्स. एप्रिलमध्ये एका सकाळी ती रात्रपाळी संपवून जिना चढत होती, तेव्हा याच मास्तरांनी वरून क्लोरीनच्या पाण्याची बादली तिच्या अंगावर रिकामी केली. वर पुन्हा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा दोष नाही. पण सगळ्या चाळीचं एकच म्हणणं आहे."

चाळीला कोणी विचारलं नव्हतं. पण चाळीनेही तोंड उघडलं नाही. यारेली बॅग भरून गेली, आणि आता हॉस्पिटलजवळच्या एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहत होती.

तिचं रिकामं कपाट बघवेना, म्हणून दोमितिलाबाईंनी त्याचं दार उतरवलं आणि फोनवर बघून बघून त्याची गिटार केली. दिसायला झकास झाली. पण तारा जिला बांधतात ती पोटावरची घोडी तीळभर खाली चिकटली. नुसत्या तारा छेडल्या की सुरात, दांडीवरच्या पडद्यावर बोट टेकलं की बेसूर, आणि बोट जितकं वर न्यावं तितकं जास्तच. बाईंना वाटलं, आपले कानच गेले. चूक कुठे आहे ते कळेपर्यंत त्या रडकुंडीला आल्या होत्या. दुसरी गिटार मात्र त्यांना नीट जमली.

मास्तरांची घोडी सरस लावून जुन्या खुणेवर बरोबर बसली. बाईंनी ती दाबून धरली. मग त्यांची नजर स्वेटरवर गेली, आणि अंगठ्याने त्यांनी घोडी तीळभर खाली सरकवली. वर जी रेघ उघडी पडली तिच्यावर बुटाच्या पॉलिशचं बोट फिरवलं. आपल्या हातून असं काही होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. झालं, आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

रविवारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून वरच्या सज्जात उभे राहिले. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत गाणं वर चढलं आणि गिटार भलतंच काही बोलू लागली. मास्तर थांबले. खुंट्या पिळल्या, "हवा दमट आहे," म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"काय मास्तर, लोकांचे सूर सुधारता सुधारता स्वतःचा हरवला का?" खालून चायो म्हणाली. ती अंगणात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

लोक हसले. मास्तरही कसनुसं हसले आणि तिसऱ्यांदा गायला लागले. या खेपेला कोणी हसलं नाही.

"अहो, वास जातो, चव जाते, हे ऐकलं होतं," चायो म्हणाली. "यात कानपण जातात की काय?"

ती थट्टाच करत होती. पण त्या दिवसांत असली थट्टा थट्टा राहत नसे. मास्तरांच्या शेजाऱ्याने आपली खुर्ची उचलून आत नेली. एक दार लागलं, मग पलीकडचं लागलं. खुद्द चायोने तामालेच्या पातेल्यावर घाईघाईने झाकण ठेवलं.

"मला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "मी महिनाभर जिना उतरलेलो नाही." मग त्यांनी अंगणापलीकडे त्याच मजल्यावर समोरच्या दारात उभ्या असलेल्या दोमितिलाबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. गिटारीतच काहीतरी बिघाड आहे ना?"

दोमितिलाबाईंच्या अंगात यारेलीचा स्वेटर होता.

"गिटार ठीक आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "तुमचा दोष नाही. पण सगळ्या चाळीचं एकच म्हणणं आहे."

त्यांनीही दार लावून घेतलं, आणि फटीतून पाहत राहिल्या.

रिकाम्या सज्जात मास्तरांनी गिटार कानाशी धरली आणि एकेक तार नुसती छेडून पाहिली. सगळ्या तारा सुरात होत्या. त्यांनी पुन्हा एकदा छेडून पाहिल्या. मग गिटार भिंतीला टेकवली आणि हळूच आपल्या कपाळाला हात लावून पाहिला.